अस्सल जुना क्रोनोग्राफ: नवशिक्यांसाठी पहिला धडा

सर्वप्रथम घड्याळात वेळ पाहायची सवय सोडा. जुन्या क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या मनगटी घड्याळात, किती वाजले हे पाहतं ते गिऱ्हाईक. जाणकार तबकडी पाहतो, काटे पाहतो, मग मान हलवून नुसतं 'च्च' करतो. हा 'च्च' आधी घोटून घ्या. ज्ञान मागाहून आलं तरी चालतं.

सरावाला ओमेगाचं १९६७ चं स्पीडमास्टर घेऊ, मॉडेल १४५.०१२. त्यातलं ३२१ मशीन अंतराळवीरांच्या मनगटावरून चंद्रापर्यंत जाऊन आलेल्या घराण्यातलं. म्हणून भाव चढे, आणि म्हणूनच भानगडी फार. मागचं झाकण उघडा. मॉडेलचा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूला सापडेल, अनुक्रमांक मात्र मशीनवर कोरलेला. दोन क्रमांक दोन वेगळ्या तुकड्यांवर असल्यामुळे एकाचं झाकण दुसऱ्याच्या मशीनला लावून पत्रिका जुळवणं अवघड नसतं. छत्तीस गुण जुळले तर जरा जास्तच चौकशी करा.

आता तबकडी. बाराच्या खाली ओमेगाचं चिन्ह धातूचं, वर बसवलेलं हवं. नुसतं रंगवलेलं असेल तर तबकडी नंतरची. अगदी तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इवलासा 'टी' असतो, तो ट्रिटियमचा, म्हणजे अंधारात उजळणाऱ्या रंगातल्या द्रव्याचा. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणजे एव्हाना त्यात दम उरलेला नाही. तेव्हा दिवे मालवल्यावर घड्याळ रात्रभर लख्ख उजळत राहिलं, तर टाळ्या पिटू नका. ती तबकडी सर्व्हिसिंगमध्ये बदललेली आहे.

इथे नवशिक्याची नीतिमूल्यं उलटीपालटी होतात. ज्या सज्जनाने घड्याळ नेमाने अधिकृत केंद्रात नेलं, डागाळलेली तबकडी नवी बसवून घेतली, काटे बदलले, ओरखडे पॉलिश करून घालवले आणि त्या भरात पट्टा अडकवायचे चारही कान झिजवून बारीक केले, त्याने घड्याळाची पार वाट लावली. केंद्राचंही चुकलं नाही. जुनं काढून चांगलं बसवणं हेच त्यांचं काम. पण ज्या आळशाने ते कपाटात टाकलं आणि विसरून गेला, त्याचे वारस आज मालामाल. आजोबा निवडायची सोय असेल तर निष्काळजी निवडावेत.

तबकडीभोवतीच्या टॅकीमीटरच्या, म्हणजे वेग मोजायच्या, कड्यावर ९० चा आकडा शोधा. त्याचा ठिपका आकड्याच्या डोक्यावर हवा. पुढे तो शेजारी उतरला. एवढ्याशा स्थलांतरापायी नुसत्या कड्याला हजारो डॉलर मोजणारी माणसं आहेत. काच मात्र बदललेली असली तरी कुणी कुरकुरत नाही. का, ते विचारू नका.

जुळवाजुळवीच्या या विद्येत आपलीही परंपरा आहे. इकडचं तिकडचं जुनं मशीन आणि त्यावर नव्याने रंगवलेली भडक तबकडी अशा घड्याळाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा किताब समजू नये.

आत्मविश्वास वाढला असेल तर हेही ऐका. २०२१ साली जिनिव्हाच्या लिलावात तपकिरी पडलेल्या तबकडीचं एक पहिल्या पिढीचं स्पीडमास्टर एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारं ओमेगाचंच संग्रहालय. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून तयार केलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. तुमच्याकडे तर फक्त भिंग आहे.

तरी घेतलंतच, तर घड्याळजीकडे टाकताना चिठ्ठीवर ठळक लिहा: पॉलिश नको, तबकडीला हात नको, काढलेला प्रत्येक भाग, गंजका असला तरी, पुडीत बांधून परत. तो तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील. पाहू द्या. पुडी मोजून घ्या.