साक्षीदार म्हणून या

समस्त खेकडे मंडळी,
मु. पो. तिवरे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी



एरवी आपली गाठ कालवणात. आज पत्र लिहावं लागतंय.

२ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. दोन-तीन दिवसांतच तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगितलं: खेकडे. आमच्या जिल्ह्यात सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.

गळतीची तक्रार आधीच केली होती, असं गावकरी सांगत होते. बिळात राहून तुम्हाला आमच्या तक्रारीची रीत कळायची नाही. अर्जावर आवकचा शिक्का पडतो, पोच मिळते आणि माणूस तिथेच निम्मा निवांत होतो. दुसऱ्या खेपेला साहेब फिरतीवर. तिसऱ्या खेपेला ‘हे आमच्याकडे येत नाही’. चौथ्या खेपेला तो जातच नाही. कुणी अडवलेलं नसतं. जाऊन काही होत नाही हे त्याला पटलेलं असतं. हे एकदा सगळ्या वाडीला पटलं, की टक्केवारी खाणाऱ्याला लपण्याचेही कष्ट उरत नाहीत.

पण तुमची खरी कामगिरी त्यानंतरची. आम्ही भडकलो होतो. मातीची दबाई कुणी तपासली, बिलावर सही कुणाची, असं विचारणारही होतो. तेवढ्यात तुम्ही आलात. मोबाईलवर विनोद सुटले. आंदोलकांनी जिवंत खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन अटकेची मागणी केली. महाराष्ट्र पोट धरून हसला आणि त्या हसण्यातच राग जिरला. विशेष चौकशी पथक नेमल्याची बातमी किती जणांनी वाचली आणि तुमच्यावरचा विनोद किती जणांनी पुढे पाठवला, हे ज्याने त्याने आपल्या मोबाईलला विचारावं.

तर विनंती अशी, की ग्रामसभेला येत जा. कोरमला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. आमच्या खुर्च्या रिकाम्याच असतात, बिनधास्त बसा. आरोपी म्हणून नव्हे. त्या बांधाच्या पोटात नेमकं काय भरलं होतं, हे आत शिरून पाहिलेले तुम्हीच तर आहात.

आपला,
एक मतदार, रत्नागिरी