अढळपदाच्या मानकऱ्यास खुले पत्र

माननीय श्री. बॅकग्राउंड-अटॅचमेंट फिक्स्ड यांस,
मु. पो. स्टाइल.सीएसएस

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसच्या पहिल्याच प्रमाणात आपली नेमणूक झाली. काम एकच: मजकूर हवा तेवढा वरखाली होऊ दे, चित्राने जागा सोडायची नाही. जागेवर बसून राहण्याबद्दल मान मिळणारी ही एकमेव बिनसरकारी नोकरी असावी. तरीही आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या वेबसाइटवर आपण मजकुराच्या मागेमागे बिनदिक्कत सरकत होतात.

फोटो राजगडाचा. सुवेळा माचीवरून टिपलेला बालेकिल्ला, १९२० बाय १०८०. पान मात्र लांबलचक, साधारण ९००० पिक्सेल, कारण मोहिमांचे वृत्तांत लिहिणाऱ्यांना आवरतं घेणं माहीत नाही. बॅकग्राउंड-साइज होतं ‘कव्हर’. आपण जागेवर असतात तर त्या कव्हरने ब्राउझरची खिडकी मोजली असती. आपण जागा सोडलीत, तेव्हा त्याने अख्खं पान मोजलं आणि तेवढं झाकण्यासाठी फोटो आठपटींहून जास्त ताणला. रुंदी गेली १६००० पिक्सेलवर. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, ‘‘अहो, राजगड कुठाय? मला नुसतं शेवाळ दिसतंय.’’ शेवाळ बालेकिल्ल्याचंच होतं, पण त्यांना हे पटवणं गड चढण्यापेक्षा अवघड गेलं.

वेबसाइटची थीम ज्यांच्याकडून घेतली, त्यांना विचारलं. उत्तर आलं: कॅश साफ करा. त्यांच्याकडे हे सर्व रोगांवरचं एकच औषध आहे.

मग ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडला. आपल्या नावावर काट मारलेली! फाइलमध्ये खाली कुणीतरी नुसतं ‘बॅकग्राउंड’ लिहून चित्राचा पत्ता दिला होता. हे शॉर्टहँड महाकावेबाज. त्यात जे सांगितलेलं नाही ते सगळं ते मुकाट्याने मूळपदावर आणतं, म्हणजे आपल्याला ‘स्क्रोल’वर. (कव्हर त्याच्याही खाली लिहिलेलं, म्हणून तेवढं वाचलं.) निदान ती हकालपट्टी उघड तरी होती. ‘बॅकग्राउंड’च्या जागी ‘बॅकग्राउंड-इमेज’ लिहिलं, काट गेली, कम्प्युटेडच्या रकान्यात ‘फिक्स्ड’ असं ठसठशीत आलं. आणि आपण? सरकतच होतात. कागदोपत्री ध्रुवबाळ, प्रत्यक्षात फिरतीवर.

खरं कारण वेगळंच निघालं. पान उघडताना मजकूर तरंगत वर यावा म्हणून थीमकर्त्याने बाहेरच्या रॅपरला अॅनिमेशन लावलं होतं आणि आपलं चित्रही त्याच रॅपरवर टांगलं होतं. अॅनिमेशनची अखेर ‘ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेटवाय(०)’ अशी, पुढे ‘फॉरवर्ड्स’, म्हणजे ते संपल्यावरही कायम. शून्य पिक्सेल सरका! जे डोळ्याला दिसत नाही, मोजता येत नाही, त्याने आपलं अढळपद गेलं. नियमच तसा आहे. ‘नन’ सोडून कोणतंही ट्रान्सफॉर्म लागलं, की त्या घटकावरचं आणि त्याच्या पोटातल्या घटकांवरचं फिक्स्ड हे स्क्रोल समजायचं. ब्राउझरने कायदा पाळला. कायदा न वाचता दुकान मांडलं ते थीमकर्त्याने, आणि वर्णनात ‘पॅरॅलॅक्स’ लिहून पैसेही घेतले.

ती ओळ उडवल्यावर लॅपटॉपवर राजगड जागेवर आला. अध्यक्षांकडे आयफोन. तिथे मात्र सफारी आपल्याला वर्षानुवर्षे मोजत आलेली नाही, त्यामुळे त्यांना पुन्हा शेवाळच.

तेव्हा आपल्यावरचा कामचुकारपणाचा आरोप आम्ही मागे घेत आहोत, पण नोकरीवर परत घेत नाही. आपल्या जागी बॉडी::बिफोर यांची नेमणूक झाली आहे. त्यांच्या अटी: कन्टेन्ट रिकामा, पोझिशन फिक्स्ड, इनसेट शून्य, झेड-इंडेक्स उणे एक, चित्र कव्हर. ते रॅपरच्या बाहेर राहतात, त्यामुळे रॅपरच्या उड्यांशी त्यांचा संबंध येत नाही, आणि आयफोनही त्यांना मानतो.

थीम विकणाऱ्या मंडळींना विनंती, की डेमोत दोन परिच्छेदांचं पान न ठेवता एखादा खराखुरा मोहीमवृत्तांत ठेवावा आणि विकण्याआधी तो फोनवर स्वतः शेवटपर्यंत वाचावा.

आपला,
संस्थेच्या वेबसाइटचा बिनपगारी राखणदार

ता. क. : एचटीएमएल आणि बॉडी या दोघांनाही एकाच वेळी पार्श्वरंग देऊ नये. दिल्यास बॉडीचा रंग नव्या नेमणुकीवर पांघरूण घालतो आणि राजगड पुन्हा गायब होतो.