टँकरची वर्गणी कोणाच्या हाती?

"बाई, कानावर आलं का? टँकरची वर्गणी यंदा त्या गॅरेजवाल्याकडे द्यायची म्हणतायत!"

आधी काकूंचा आवाज आला, मग कुंपणावर डोकं. नगरच्या उन्हाळ्यात पाण्याचा विषय निघाला की काकू गॅसवरची फोडणीसुद्धा सोडून येतात.

"आलं की. रविवारी उपासना सुटल्यावर त्याच्याच तोंडून ऐकलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? ज्यानं बायकोच्या पाटल्या बाटलीत घातल्या, त्याच्या हाती गल्लीचा पैसा?"

"घातल्या खऱ्या. पण दोन पावसाळे झाले, थेंबाला शिवलेला नाही."

"अहो, माझ्या धाकट्या दिरानंही माळ घातली होती. आषाढीला घातली आणि दसऱ्याला खुंटीला टांगली. ही असली सोंगं मी घरात पाहिलीत."

"तुम्हीच कशाला, आमच्या मंडळीतसुद्धा हेच चालतं. तो साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा मागच्या बाकांवर नुसती खुसखुस. एका आजोबांनी तर तिथंच विचारलं, 'बाळा, ही कितवी साक्ष?'"

"अगं बाई! मग?"

"'तिसरी' म्हणाला. 'पहिल्या दोन वेळा खोटं बोललो नव्हतो, पण टिकलो नाही. या खेपेला बघा माझ्याकडे.' एवढं बोलून खाली बसला. रडारड नाही, की भाषण नाही."

काकूंनी पदर खोचला. म्हणजे बैठक लांबणार.

"पण मला सांगा बाई, तो तर जन्माचाच ख्रिस्ती. मग त्याचं बदललं काय?"

"तान्हेपणीच बाप्तिस्मा झाला, नाव पवित्र शास्त्रातलं, नाताळला नवा शर्ट. एवढंच होतं त्याचं ख्रिस्तीपण. आता कमाई बायकोच्या हातात देतो. गुत्ता लागतो म्हणून घरी यायचा जवळचा रस्ता सोडला, वळसा घालून येतो. संध्याकाळी जीव कासावीस झाला की पाळकसाहेबांना फोन लावतो. जुने दोस्त 'काय पाद्री, आज उपास का?' म्हणून हाका मारतात, त्यांना चहा पाजतो."

"चहा मलाही पाजला एकदा," काकू जरा खालच्या पट्टीत आल्या. "आमच्या स्कूटीला नवं टायर म्हणून जुनं घातलं होतं ना त्यानं? गेल्या महिन्यात आपणहून बदलून दिलं. मला वाटलं, उसने मागायला आलाय."

"जक्कयाची गोष्ट ठाऊक आहे का तुम्हाला? यरीहोचा मुख्य जकातदार. लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हाही गाव कुरकुरलंच, की हा पाप्याच्या घरी राहायला गेला. जक्कय म्हणाला, अर्धं गोरगरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो."

"हा चौपट देतोय?"

"चौपट कुठून आणणार बिचारा! मुद्दल फेडतोय. किराणावाल्याचं झालं, आता सोसायटीचं चालू आहे."

"फेडू दे. पण उद्याचं कोणी सांगावं?"

"रेव्हरंड टिळकांचं तरी 1895 साली कोणी सांगितलं होतं? मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा सगळ्यात मोठं संकट कोणावर कोसळलं? घरातल्या लक्ष्मीबाईंवर. नवरा आधीच आज इथं तर उद्या तिथं, त्यात हे. त्यांचं स्मृतिचित्रे वाचलंय ना तुम्ही?"

"वाचलंय म्हणजे काय! वाचताना हसलेही आणि रडलेही. वेगळी राहिली बिचारी. परत आली तरी आपलं सोवळं सोडलं नव्हतं तिनं."

"आणि टिळकांनी ते चालू दिलं. सक्ती केली नाही. जातीपातीचा भेद देवानं केलेला नाही, हे तिचं तिलाच उमगलं, मग 1900 साली तिनं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाचेक वर्षं टिळकांचं बदलणं तिच्या डोळ्यांसमोर होतं. याच नगरात राहिलेली माणसं ही."

"त्यांना निदान मिशनवाल्यांचा तरी आधार असेल."

"तो असतोच असं नाही. पंडिता रमाबाईंचं पाहा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. इकडे लोक म्हणाले, बाई हातची गेली. तिकडे मठातल्या भगिनींना वाटे, ही फार प्रश्न विचारते, ऐकत नाही. मांसमच्छी खाईना, त्याचीही कुरबुर. ख्रिस्ताला धरलं आणि शाकाहारही सोडला नाही!"

"वा! मला आवडली बाई."

"पुढं पुण्यात त्यांच्या शारदासदन या मुलींच्या शाळेवर वादळ उठलं. मुली बाटवतात म्हणून 1893 साली पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातली मोठी मोठी माणसं बाजूला झाली. बाई काय घाबरून पळाल्या? पुढं दुष्काळातल्या पोरींना केडगावला आणलं, हाताला काम दिलं, आणि मरेपर्यंत बायबलाचं मराठी भाषांतर करत बसल्या. दोन्हीकडचे संशय डोक्यावर घेऊन."

"ती मोठी माणसं हो. हा आपला पाने-स्क्रूड्रायव्हरवाला."

"अहो, पौलालासुद्धा यरुशलेमेतल्या शिष्यांनी जवळ केलं नव्हतं. कालपर्यंत आपल्याला तुरुंगात टाकायला निघालेला, आज आपला कसा? त्यांची भीती काय खोटी होती? बर्णबा नावाच्या एकानं त्याला हाताला धरून आत नेलं, तेव्हा कुठं जागा मिळाली."

काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे आता ते बर्णबाचं काम माझ्या गळ्यात घालताय तर!"

"मी कशाला घालू? त्यानंच तुमचं नाव सुचवलंय."

"माझं?"

"वर्गणी घेतो म्हणाला, पण दोन अटींवर. पावतीपुस्तक दुसऱ्याकडे राहील, आणि रोजच्या पैशांवर दुसरी सही हवी. 'सही काकूंची घ्या,' म्हणाला. 'त्यांचा माझ्यावर अजिबात विश्वास नाही, त्याच नीट बघतील.'"

काकू क्षणभर गप्प. मग एकदम खळखळून हसल्या. "मेला हुशार आहे! संशय घेणारीलाच हिशेबाला बसवलं."

"राग नाही ना आला?"

"राग कसला? स्वतःला साव म्हणवून घेत फिरला असता तर आला असता. करीन सही. पण आधी नोटा मोजीन, दोनदा."

"मोजा की. तोही तेच म्हणतोय."

"आणि तुमच्या घराची वर्गणी कुठाय? गेल्या साली शेवटच्या तारखेला दिली होती तुम्ही. तेवढी उद्या सकाळी पाठवा, बाई. पावती मीच फाडणार आहे."