फ्रिजपेक्षा महाग नको

आमच्या घरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. खालच्या मजल्यावर तबल्याचा क्लास आहे, समोर मंगल कार्यालय आहे आणि सकाळी कचऱ्याची गाडी येते ती स्वच्छतेवरचं गाणं वाजवतच येते. अशा घरात पैसे मोजून आणखी आवाज आणायचा ठराव मी मांडला, तेव्हा अनुमोदन आलं ते अनपेक्षित बाजूने. आई म्हणाली, "आण बाबा. या नव्या टीव्हीत माणसं बोलतात की पुटपुटतात तेच कळत नाही." तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. टीव्ही जसजसे पातळ होत गेले तसतसे त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसायला लागले. मालिकेतले संवाद आधी भिंतीला ऐकू जातात, मग आपल्याला.

बायकोने आर्थिक तरतूद एका वाक्यात उरकली. "फ्रिजपेक्षा महाग नको." आमचा फ्रिज ५२,००० चा. जी वस्तू दूध टिकवत नाही, तिने दूध टिकवणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त भाव खाऊ नये, असं तिचं तर्कशास्त्र. या रकमेत होम थिएटरचा रिसीव्हर, पाच स्पीकर, सबवूफर, वायर आणि रिक्षाभाडं एवढं सगळं बसवायचं होतं.

रिसीव्हर वॉट पाहून घ्यायचा असतो, हा माझा बालपणापासूनचा समज. नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या छातीवर सोनेरी अक्षरांत '१००० वॉट पीएमपीओ' असं लिहिलेलं होतं. वरच्या मजल्यावरचे काका तेव्हा वीज मंडळात नोकरीला होते. त्यांनी तो टेपरेकॉर्डर उलटा केला, मागची पट्टी वाचली आणि म्हणाले, "घेतोय वीस वॉट आणि देतोय हजार. हे जमत असतं तर कोयनेला धरण कशाला बांधलं असतं रे?" एका निमिषापुरतं, जीव खाऊन, यंत्र किती किंचाळू शकेल याचा कारखानदाराने मनाशी बांधलेला अंदाज म्हणजे पीएमपीओ. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नसल्यामुळे कुणीही कितीही लिहावं. आमच्या मामांकडच्या टेपवर दोन हजार होतं, आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले होते.

पीएमपीओ गेलं, वृत्ती राहिली. मी पाहिलेल्या एका रिसीव्हरच्या खोक्यावर ठळक '१५० वॉट' होतं. आतल्या पुस्तिकेत, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, त्याचा खुलासा होता. हे दीडशे वॉट एकच चॅनल चालू असताना, सहा ओहमच्या स्पीकरवर, फक्त १००० हर्ट्झला, आणि आवाज दहा टक्के बिघडला तरी चालेल या अटीवर. त्याच्याखालच्या ओळीत दोन चॅनल, आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झचा पूर्ण पट्टा आणि नगण्य बिघाड अशा सभ्य अटी घातल्या की आकडा ७० वर येत होता. पाचही चॅनल एकदम चालले तर किती, यावर पुस्तिकेने मौन पाळलं होतं. लग्नाच्या बाजारात मुलाचं पॅकेज सांगतात, दरमहा हातात किती पडतं ते सांगत नाहीत, तशातला प्रकार. काका आता निवृत्त आहेत, पण पट्टी वाचायची सवय सुटलेली नाही. "पाच गुणिले दीडशे म्हणजे साडेसातशे. मागे लिहिलंय, घेतो अडीचशे. बाकीचे पाचशे कुठून आणतो? आकडा टाकतो की काय?"

मग त्यांनीच धीर दिला. साधारण घरगुती स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. एवढ्या आवाजात शेजारी बेल वाजवतात. आणि वॉट दुप्पट केले की वाढतात जेमतेम तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला हवा तर वॉट दहापट लागतात. सत्तर वॉटचा रिसीव्हर सोडून नव्वदचा घ्यायचा, तर पदरात साधारण एक डेसिबल. आमचा पंखा तीनवरून चारवर नेला तरी त्याहून जास्त आवाज वाढतो. तेव्हा वॉटांवर पैसे उधळायचे नाहीत, जे काही उरतील ते स्पीकरवर लावायचे, हे ठरलं. माझं आजही तेच मत आहे.

चॅनलांचा प्रश्न भिंतींनी सोडवला. आमचा हॉल दहा बाय चौदा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सात चॅनलचा संच घेतला असता तर मागचे दोन स्पीकर शेजारच्या काकूंच्या ओट्यावर ठेवावे लागले असते. डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या ॲटमॉससाठी छतात स्पीकर बसवायचे, तर छताच्या वर काका. राहिलं ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. त्यातही एक स्पीकर देवघराशेजारी येत होता. "देवाच्या कानाशी मारामाऱ्या नकोत," असं आई म्हणाली, म्हणून तो फूटभर पुढे सरकवला. पाठ्यपुस्तकात त्याचा कोन सांगितलाय ११० अंश. देवाला किती अंश चालतात ते कुठेच छापलेलं नाही.

एव्हाना नात्यातल्या सगळ्यांना बातमी लागली होती. न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणाला, "तिकडे कशाला घेतोस? इथे सेलमध्ये अर्ध्यात मिळतो, येताना घेऊन येतो." काकांनी विचारलं, "व्होल्ट किती?" १२०. आपल्याकडे २३०. "सॉकेटमध्ये घातलास तर एकच आयटम वाजेल आणि त्याचा धूर होईल." स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण त्याचे पैसे, तो ठेवायची जागा आणि इथे न चालणारी वॉरंटी धरली की अर्धी किंमत पुन्हा पाऊण होते.

भावोजींनी लॅमिंग्टन रोड सुचवला. पुणेकर माणूस मुंबईत स्वस्त मिळतं म्हणून जातो आणि गाडीभाड्याचा हिशेब परतीच्या प्रवासात करतो, पण मी हौसेने गेलो. याच रस्त्यावर मिनर्व्हा होतं, जिथे १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टीरिओफोनिक आवाज. जयने उडवलेलं नाणं आपल्या खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, असं वडील सांगत. आपणही एकदा वाकलो होतो, हे मात्र सांगत नसत. मिनर्व्हा आता नाही. त्या बाजूच्या दुकानांत एक जुना, चौदा किलोचा, एकेकाळी लाखाच्या घरात असलेला रिसीव्हर फ्रिजच्या निम्म्या किमतीत होता. बटणं अशी की दाबावीशी वाटावीत. फक्त तो फोर-के चित्र पुढे जाऊ देत नव्हता. यावर एक स्वस्त तोड आहे, आणि ती दुकानदार आपणहून सांगत नाही: सगळी यंत्रं थेट टीव्हीला जोडायची आणि टीव्हीतून फक्त आवाज आर्कने, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून उलटा, किंवा ऑप्टिकल वायरने रिसीव्हरकडे आणायचा. चित्राचा आणि रिसीव्हरचा संबंधच उरत नाही. मी जवळजवळ घेतलाच होता. मग विचारलं, "बिल?" दुकानदार दुखावला. "साहेब, वस्तू बघा ना, बिल काय बघताय?"

शेवटी आपली पुण्याची तपकीर गल्लीच. तिथल्या तरुणाने एट-के आणि ई-आर्क हे दोन शब्द इतक्या आदराने उच्चारले की मी चपला काढणार होतो. ई-आर्कवाला रिसीव्हर दहा हजारांनी महाग. पण ई-आर्कची खरी गरज ब्लू-रेवरच्या अस्सल, काहीही न गाळलेल्या आवाजाला. ओटीटीवरून येतो तो आवाज साध्या आर्कमधूनही सुखाने जातो. आमच्याकडे ब्लू-रे नाही. एट-केमध्ये बघावं असंही काही नाही. मी मागच्या वर्षीचं ५.१ चं मॉडेल घेतलं, ज्याच्याकडे तो तरुण बघतही नव्हता. सोन्याच्या मुलाम्याच्या वायरींना नमस्कार करून इलेक्ट्रिशियनकडची साधी तांब्याची वायर आणली. एकूण खर्च फ्रिजपेक्षा ६०० रुपयांनी कमी. बायकोने ते लगेच मागून घेतले.

घरी आल्यावर कळलं, की शोकेसचं काचेचं दार लागत नाही. काकांच्या मते तेच बरं, कारण हे यंत्र तापतं आणि त्याला डोक्यावर मोकळी हवा लागते. आईने तोवर त्यावर क्रोशाचा रुमाल आणि शाडूचा गणपती ठेवला होता. गणपती हलवणार कोण, यावर चर्चा झाली. रुमाल गेला, गणपती बाजूच्या कप्प्यात गेले.

मग आलं कॅलिब्रेशन. खोक्यात एक छोटा माइक मिळतो. तो कानाच्या उंचीवर ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून 'हूऽऽप' असा आवाज काढतो आणि खोलीचा स्वभाव ओळखून स्वतःला जुळवून घेतो. अट एकच: पूर्ण शांतता. सोफ्यावर तांदळाचा डबा, डब्यावर माइक, सगळे श्वास रोखून उभे. पहिल्या हूपला कुकरची शिट्टी झाली. पडद्यावर सूचना आली, आसपास फार गोंगाट आहे. गॅस बंद केला तर खाली धा तिरकिट सुरू झालं. ते थांबेपर्यंत मंगल कार्यालयात मुलीचे मामा मुलीला घेऊन आले. दर वेळी यंत्र तीच तक्रार नोंदवत होतं. या घराबद्दल तीच तक्रार मी लग्नापासून करतोय, पण माझ्याकडे पडदा नाही.

शेवटी रात्री दोनला बसलो. माणसं निजलेली, पंखा बंद, हूऽऽप, हूऽऽप. चौथ्या हूपला वॉचमन काठी घेऊन दारात. घुबड घरात शिरलंय अशी त्याची खात्री होती. त्याला सोफ्यावर बसवलं, हलू दिलं नाही, आणि मोजणी पूर्ण केली.

सकाळी निकाल वाचून दाखवला. सेंटर अडीच मीटर, बरोबर. डावा-उजवा बरोबर. सबवूफर सहा मीटर.

"सहा मीटर म्हणजे पानाच्या टपरीवर," आई म्हणाली. "हा तर इथे कुंडीशेजारी आहे."

यात यंत्राचं चुकत नाही. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज किंचित उशिरा निघतो, तो उशीर रिसीव्हर अंतर म्हणून धरतो आणि बाकीच्या स्पीकरना तेवढं थांबवून ठेवतो, म्हणजे सगळे एकदम पोचतात. आकड्याला हात लावायचा नाही. काकांनाही हे पटलं, पण त्यांनी टेपने मोजलं तेव्हाच.

खोक्यावर ज्याचा उल्लेखही नव्हता अशा दोन सोयी मला पुस्तिकेच्या शेवटाकडे सापडल्या. एक नाइट मोड: स्फोट दबतात, कुजबुज उचलली जाते. दुसरी, फक्त सेंटर स्पीकरचा आवाज वाढवणं. संवाद बहुतेक तिथूनच येतात. मी सेंटर तीन डेसिबलने वर नेला. रात्री साडेआठची मालिका लागली, आणि आईला कित्येक महिन्यांनी शब्दन् शब्द ऐकू आला.

आठवडाभर ती फार लक्ष देऊन ऐकत होती. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, "इतके दिवस नीट ऐकूच येत नव्हतं. आता कळतंय, त्या मालिकेतल्या सासूचं काही चुकत नाही हो."

बायकोने ताटावरून मान वर केली आणि मला विचारलं, "ते सेंटरचं कमी पण करता येतं ना?"