बाईंनी कबूल केलेला खाऊ

मुलींच्या शाळेत एखादी तरी मुलगी अशी असतेच, की जिला मराठीच्या नाहीतर इतिहासाच्या बाई ‘आवडतात’. वह्यांचा गठ्ठा बाईंच्या टेबलापर्यंत नेण्याच्या मानासाठी ती जिवलग मैत्रिणीशी भांडते. बाईंनी सोमवारी कुठली साडी नेसली होती, हे तिला सनावळीपेक्षा पक्कं पाठ असतं. बाई रजेवर गेल्या की हिच्या पोटात दुखायला लागतं. मोठी माणसं हसतात, म्हणतात, जाईल वयाबरोबर. बहुतेकींचं जातंही. डॉरथी स्ट्रॅची या इंग्रज बाईंचं मात्र गेलं नाही, आणि सत्तरीला टेकल्यावर, १९३३ साली, त्यांनी ते लिहून काढलं.

पुस्तकाचं नाव ‘ऑलिव्हिया’. जेमतेम शंभर पानांचं. सोळा वर्षांची एक इंग्रज मुलगी फ्रान्समधल्या छोट्याशा निवासी शाळेत येते. शाळा दोघीजणी चालवतात, मादमुआझेल ज्युली आणि मादमुआझेल कारा. पहिल्याच दिवसांत ज्युलीबाई मुलींना जवळ बसवून फ्रेंच नाटककार रासीनचं ‘आन्द्रोमाक’ हे नाटक वाचून दाखवतात, आणि खेळ खलास.

आता हे नाटक काय आहे बघा. ओरेस्तचा जीव एर्मियोनवर, एर्मियोनचा पिऱ्हुसवर, पिऱ्हुसचा आन्द्रोमाकवर, आणि आन्द्रोमाकचा जीव अडकलाय मेलेल्या नवऱ्यात. १६६७ पासून ही साखळी रंगभूमीवर उभी आहे आणि अजून कुणाचंच कुणाशी जमलेलं नाही. सोळा वर्षांच्या, परमुलखात आलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात हे ऐकवणाऱ्या बाईंना थोडा तरी दोष द्यायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यात भाषा परकी. शब्द कळतात, पण सगळे नाही, आणि जे कळत नाहीत तेच जास्त खोल वाटतात. मातृभाषेत प्रेमात पडलेल्या मुलीला समोरच्याचा पोकळपणा दोन वाक्यांत कळून येतो. परभाषेत ती सोय नसते. ज्युलीबाई पोकळ नव्हत्या ही गोष्ट वेगळी. पण असत्या, तरी ऑलिव्हियाला ते वर्षभर कळलं नसतं.

मुळात ही मुलगी आली होती कुठून? कादंबरीतलं घर बेताचंच कल्पित आहे. स्ट्रॅची मंडळी बुद्धिमान, वाचणारी, देवाधर्माच्या बाबतीत संशयखोर. डॉरथीचे वडील सर रिचर्ड यांची हयात हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांत आणि बांधकामांत गेली. १८७६ च्या ज्या दुष्काळानं आपल्या दख्खनचं कंबरडं मोडलं, त्यानंतर नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष तेच. घरात अकलेला तोटा नव्हता. पण एखाद्या ओळीसाठी आवाज कापरा होऊ द्यायचा असतो, चित्रासमोर नुसतं उभं राहायचं असतं, असं त्या घरात कुणी सांगितलेलं नसावं. ते सांगायला खाडी ओलांडावी लागली. त्यामुळे ऑलिव्हियाचं मन नक्की कुणावर जडलं, बाईंवर, रासीनवर, की फ्रेंचवर, हे तिला सांगता आलं नसतं. मला तरी या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पुस्तकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग खाऊचा आहे. शाळेत सोंगं घेऊन नाचण्याची रात्र असते. ज्युलीबाई ऑलिव्हियाच्या कानाशी पुटपुटतात की आज रात्री येईन, तुला खाऊ घेऊन. मुलगी अंधारात कान टवकारून पडून राहते. जिन्यावरचं प्रत्येक पाऊल मोजते. बाई येत नाहीत. यापलीकडे काहीही घडत नाही. प्रेमकथांमध्ये माणसं गाडीखाली जीव देतात, विष घेतात. आणि इथं एक गोळी मिळाली नाही एवढ्यावर पानं भरली आहेत. हसू येतं. मग आपण कुणाची तरी वाट पाहत जागलेली रात्र आठवते आणि हसू आवरतं घ्यावं लागतं.

विष याही पुस्तकात आहेच म्हणा. काराबाईंचा मत्सर, आजारपणं, झोपेचं औषध, त्यांचा मृत्यू. तो भाग मला जरा नाटकी वाटतो. त्यानंतर ज्युलीबाई शाळा सोडून थेट कॅनडाला जातात आणि ऑलिव्हियाला पुन्हा दिसत नाहीत.

खरी गंमत या कॅनडात आहे. कारण खऱ्या बाई कॅनडाला गेल्याच नाहीत. त्यांचं नाव मारी सुव्हेस्त्र. डॉरथी जिथं शिकली ती फ्रान्समधली फॉन्तेनब्लोची शाळा सोडल्यावर त्यांनी लंडनजवळ विंबल्डनला ‘ॲलनस्वुड’ नावाची नवी शाळा काढली, आणि तिथं शेक्सपिअर शिकवायला कोण होतं? डॉरथी स्ट्रॅची! पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांची पत्नी झालेली एलिनॉर रूझवेल्ट १८९९ पासून तीन वर्षं याच शाळेत होती, आणि सुव्हेस्त्रबाईंचा फोटो तिनंही जन्मभर जपला. म्हणजे बाई ‘आवडण्याची’ परंपरा पुढे चालूच होती. पण डॉरथीची पंचाईत बघा. जिच्या पावलांचा आवाज ऐकायला रात्र जागवली, तिच्याच शाळेत आता वेळापत्रक, निकाल आणि पालकांची पत्रं. लिहायला बसल्यावर बाईंना समुद्रापार धाडण्यावाचून लेखिकेला गत्यंतर नव्हतं. विरह म्हटला की अंतर लागतं. ज्या बाईंनी कालच शाईचा खर्च विचारला, त्यांच्यासाठी झुरायचं तरी कसं?

तरी डॉरथीबाईंची प्रेम करण्याची रीतच ही होती, असं मला वाटतं: ज्याच्यावर जीव, त्याच्या कामाला लागायचं. १९०३ मध्ये सिमोन ब्युसी या फ्रेंच चित्रकाराशी लग्न झालं. १९१८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, केंब्रिजला आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाची गाठ पडली. त्याला इंग्रजी शिकवता शिकवता त्या त्याच्या प्रेमात पडल्या. जीदचा ओढा पुरुषांकडे. आशेला जागाच नाही. बाईंनी काय करावं? त्याची पुस्तकं इंग्रजीत आणायला घेतली. हजारावर पत्रांची देवघेव झाली. रासीनची साखळी पुन्हा एकदा, या खेपेला टपालखर्चासह.

आणि ‘ऑलिव्हिया’ लिहून झाल्यावर हस्तलिखित अभिप्रायाला पाठवलं ते या जीदकडेच. पहिल्या एकतर्फी प्रेमाची कहाणी दुसऱ्या एकतर्फी प्रेमाच्या हाती! पुरुषांमधल्या प्रेमाची उघड बाजू घेणारं ‘कोरिदाँ’ लिहिणाऱ्या या माणसाला दोन बायकांच्या गोष्टीत विशेष काही दिसलं नाही. बाईंनी वह्या खणात टाकल्या. पंधरा वर्षांनी इतरांनी वाचून वाहवा केली, तेव्हा जीदची तार आली, की प्रूस्तच्या वेळेइतकाच पश्चात्ताप आणि लाज वाटते आहे. प्रूस्तची कादंबरी नाकारण्याचं पाप १९१२ मध्ये त्याच्याच खात्यावर जमा झालेलं होतं. चूक ठरण्यातसुद्धा या गृहस्थाचा दर्जा कायम!

१९४९ मध्ये लिओनार्ड वुल्फच्या होगार्थ प्रेसनं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव फक्त ‘ऑलिव्हिया’, अर्पण दिवंगत व्हर्जिनिया वुल्फला. लेखिका तेव्हा त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या. दोन वर्षांत जाकलीन ओद्री या दिग्दर्शिकेनं त्यावर फ्रेंच सिनेमा केला. तो अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या वितरकाला रॅडक्लिफ हॉलची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ ही गाजलेली, इंग्लंडात खटला झालेली कादंबरी आठवली असावी. त्यानं सिनेमाचं नाव ठेवलं ‘द पिट ऑफ लोनलीनेस’. एका वर्षात रासीन, फ्रेंच आणि ज्युलीबाई एवढं सगळं पदरात पडलेल्या मुलीच्या गोष्टीला हा गृहस्थ खड्डा म्हणतो! निदान विहीर तरी राहू द्यायची होती.