होय, मी लाभार्थी नाही

'लाभार्थी' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ साली 'होय, मी लाभार्थी' म्हणत सरकारी जाहिरातींतून हसरे चेहरे झळकले, तेव्हापासून तर तो घरचाच झाला. त्याआधीही तो होताच. घरकुलाचा लाभार्थी, विहिरीचा लाभार्थी, शिलाई मशीनचा लाभार्थी. लाभार्थी व्हायचं तर यादीत नाव हवं, आणि यादी ज्याच्या हातात त्याला 'साहेब' म्हणावं लागतं, मग तो कितीही कारकून का असेना. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसासाठी ज्यांनी पडक्या घरात शेजाऱ्याची खुर्ची मागून आणून ठेवलीय, त्यांना पुढचं सगळं न वाचताही कळेल.

पण या शब्दाची खरी करामत आपल्या मंत्रालयानं केलेली नाही. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या खात्यावर जमा आहे.

२०१८ ते २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात इबोलाची साथ होती. दोन हजारांहून जास्त माणसं गेली. बाहेरून डॉक्टर आले, गाड्या आल्या, डॉलर आले. त्यामुळे तिथल्या बायकांनाही साफसफाईची, स्वयंपाकाची, कागदपत्रं लावायची कामं मिळू लागली. कामाचा पगार ठरलेला होता. काम मिळवण्याची किंमत निराळी होती. २०२० च्या सप्टेंबरात पत्रकारांनी बेनी शहरातल्या ५१ बायकांचं म्हणणं छापलं, तेव्हा जिनिव्हाला, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाला धक्का बसला. (जिनिव्हाला धक्का बसण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी धक्का, मग 'अजिबात खपवून घेणार नाही', मग समिती.) समितीनं वर्षभरात लैंगिक शोषणाचे ८३ संशयित मोजले, त्यांतले २१ संघटनेनंच नेमलेले. बलात्काराच्या तक्रारी नऊ. महासंचालकांनी माफी मागितली.

एका प्रकरणात तर कागदोपत्री सगळं चोख होतं. संघटनेच्या एका डॉक्टरपासून एका तरुणीला दिवस गेल्याचा आरोप होता. त्यावर रीतसर करार झाला. महिना १०० डॉलर, दवाखान्याचा खर्च आणि जमिनीचा एक तुकडा. नोटरी झाली. साक्षीदार म्हणून संघटनेच्याच दोघांच्या सह्या. आपल्याकडे असल्या प्रकरणी गावची बैठक बसते ना, तशीच. फक्त इथं पंचांच्या गळ्यात ओळखपत्रं होती.

प्रकरण वरिष्ठांच्या कानावर गेलं होतं. मग त्यांचं काही चुकलं का, याची चौकशी संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांनी केली. २०२३ च्या जानेवारीत तो गोपनीय अहवाल फुटला. निष्कर्ष: धोरणाचा भंग नाही. कारण? ती मुलगी लाभार्थी नव्हती. तिला संघटनेकडून कसलीच मदत मिळालेली नव्हती, आणि धोरण होतं लाभार्थींच्या शोषणाविषयी.

पुन्हा एकदा वाचा. तिला काही दिलं नव्हतं, म्हणून तिच्याकडून काही घेतलं असं म्हणता येत नाही.

हा मुद्दा तालुक्याच्या कोर्टात एखाद्या वकिलाला सुचला असता, तर त्याच्या दारात पक्षकारांच्या चपला मावल्या नसत्या. त्याच वर्षी संघटनेनं नवं धोरण आणलं आणि ही फट बुजवली, हेही सांगायला हवं. फट बुजवायच्या आधी तिच्यातून माणसं सुखरूप बाहेर पडू द्यावी लागतात, एवढंच.

नियम नव्हते असं मात्र कुणी म्हणू नये. नियमांचा सुकाळ आहे. २००२ साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि 'सेव्ह द चिल्ड्रन' यांची पाहणी बाहेर आली. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन इथल्या छावण्यांतली. आरोप ६७ जणांवर, संस्था ४० हून जास्त. बदल्यात काय दिलं जायचं त्याची यादी वाचताना किराणा दुकानात उभं असल्यासारखं वाटतं: तेल, दलिया, ताडपत्री, औषध. आणि समोरच्या मुली बहुतेक १३ ते १८ वर्षांच्या. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या सहीनं फर्मान निघालं. अठरा वर्षांखालच्या कुणाशीही संबंध नाही, तिथला कायदा काहीही म्हणो. 'मला वाटलं, मोठी आहे' ही सबब चालणार नाही. पैसा, नोकरी, वस्तू, मदत यांच्या बदल्यात शरीर मागायचं नाही. इतका उत्तम कागद की फ्रेम करून भिंतीला लावावा. बऱ्याच ठिकाणी तेवढंच झालं.

म्हणजे हैतीत २०१० चा भूकंप झाला तेव्हा हा कागद सहा वर्षांचा होता. तिथं ऑक्सफॅम ब्रिटन या मदतसंस्थेची माणसं मदतीला गेली, आणि त्यांतल्या काहींनी संस्थेच्या घरात वेश्यांना बोलावल्याचं प्रकरण २०११ मध्ये संस्थेच्याच चौकशीत निघालं. चौघांना काढलं. तिघांनी राजीनामे दिले, त्यांत तिथला प्रमुखही. त्याला 'टप्प्याटप्प्यानं आणि सन्मानानं' जाऊ द्यायचं ठरलं होतं. मराठीत नारळ देण्याचे दोन अर्थ आहेत, एक हकालपट्टीचा आणि एक सत्काराचा. दोन्ही एकाच नारळात उरकण्याची किमया ब्रिटिशांनी करून दाखवली. प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेत वरच्याच हुद्द्यावर रुजू झाला. ती संस्था म्हणते, आम्ही चौकशी केली होती, आम्हाला कुणी सावध केलं नाही. लग्न जमवताना आपण मुलाच्या गावात चार घरं फिरून माहिती काढतो. उमेदवाराच्या जुन्या वर्तनाबद्दल एकमेकांना लेखी विचारायचं आणि खरं सांगायचं, अशी व्यवस्था मदतसंस्थांनी उभी केली ती २०१९ मध्ये. तीही ज्याला सामील व्हायचंय त्यानं व्हावं, अशी.

आणि तेही २०१८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या 'टाइम्स'नं सगळं छापलं म्हणून. मग उपप्रमुखांनी राजीनामा दिला, हजारो देणगीदारांनी हात आखडता घेतला, हैतीनं संस्थेला कायमचं बाहेर काढलं. ब्रिटनच्या धर्मादाय आयोगानं सव्वा वर्ष कागद उपसले. त्या कागदांत २०११ चा तक्रारीचा ईमेलही होता, हैतीतल्या १३ वर्षांच्या मुलीच्या नावानं आलेला. संस्थेला तो बनावट वाटला होता. आयोग म्हणाला, आणखी खोलात जायला हवं होतं. बनावट असेलही. पण तेरा वर्षांच्या पोरीनं आपण खरोखरच अस्तित्वात आहोत याचा दाखला आधी जोडायचा, मग तक्रार, हा शिरस्ता आपल्या ओळखीचा आहे.

'हे सगळं तिकडचं' असं वाटून कुणाला बरं वाटत असेल तर वाटेत बिहार लागतो. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचा कारभार एका स्वयंसेवी संस्थेकडे होता, पैसा सरकारचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'कोशिश' हा गट बिहारमधल्या अशा ११० संस्था पाहत फिरला आणि २०१८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यांनी वेगळं काय केलं? मुलींशी बोलले. २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टानं तिथल्या मुलींच्या लैंगिक शोषणाबद्दल १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत संस्थेचा चालक होता, जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता आणि बालकल्याण समितीचे एक माजी अध्यक्षही होते. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण डोळे मिचकावत म्हणतो, जणू चाखणं हा राखण्याचा भत्ताच. तळ्याच्या जागी कोण आहे, हे म्हणणारा पाहत नाही.

सीरियातल्या बायकांना हे बरोबर कळलं होतं. मदतवाटपाच्या जागी काय चालतं याची कुजबुज इतकी पसरली, की काहींनी तिकडं जाणंच सोडलं. रिकाम्या हातानं परतलं तर घर उपाशी. पिशवी भरून परतलं तर गल्ली म्हणणार, हिनं काय दिलं असेल?

यावर उपाय चालू आहेत, नाही असं नाही. प्रशिक्षण जोरात आहे. संगणकासमोर बसायचं, चित्रं सरकवायची, शेवटी पर्यायी प्रश्न. 'निर्वासित महिलेनं रेशनकार्ड मागितल्यास आपण काय कराल?' बरोबर पर्यायावर टिचकी मारली की प्रमाणपत्र छापून मिळतं. छावणीत तक्रारपेटीही असते. तिला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात असते. जिला लिहिता येत नाही तिनं तक्रार कुणाकडून लिहून घ्यायची, एवढा एक बारीकसा प्रश्न उरतो. छावणीत लिहिता-वाचता येणारा, रोज दिसणारा, सगळ्यांना नावानं ओळखणारा माणूस कोण? यादीवाला.

आता काँगोच्या हिशेबाकडे परत. जागतिक आरोग्य संघटनेनं पीडितांसाठी वीस लाख डॉलरचा निधी काढला. २०२३ च्या नोव्हेंबरात बातमी आली की त्यातून १०४ बायकांना प्रत्येकी २५० डॉलर मिळाले. राजधानीत काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या काही अधिकाऱ्यांचा एका दिवसाचा खर्च तेव्हा याहून जास्त होता. ते पैसेही आयते नव्हते. चार पैसे कसे कमवावेत याचं प्रशिक्षण बायकांनी आधी पूर्ण करायचं होतं. म्हणजे ज्यांनी केलं त्यांना प्रशिक्षण आणि जिच्यावर झालं तिलाही प्रशिक्षण. या बाबतीत भेदभाव नाही.

साधारण एक तृतीयांश पीडित बायकांचा पत्ताच लागला नाही, असं संघटनेनं सांगितलं. साथीच्या दिवसांत तापाचा एकेक रुग्ण कुणाकुणाला भेटला ते हुडकत हीच यंत्रणा गल्लीबोळांतून फिरत होती, पण ते जाऊ द्या. ज्यांचा पत्ता लागला त्यांतल्या जवळपास डझनभर बायकांनी पैसे घ्यायला नकार दिला. त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा राहिला असणार. काहीच घेतलं नाही, म्हणजे याही खेपेला त्या लाभार्थी नाहीत.