लंडनहून सांगलीस : एका थंड दिवसाचे टिपण

डिसेंबरअखेरीस लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. मधल्या वेळात तो दिसेलच असे नाही. फिरायला जायचे तर पहाटे उठावे, हे ओघानेच आले. प्रत्यक्षात मराठी कुटुंब पहिला चहा, दुसरा चहा आणि कपडे हे टप्पे ओलांडून साडेदहाला दाराशी येते. आत थर्मल, वर शर्ट, त्यावर स्वेटर, सर्वांवर जाकीट. धाकट्याला शू लागते ती शेवटची चेन लावल्यावरच. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस आणि भुयारी रेल्वे फुकट असते, ही बाब आजोबांना मुद्दाम कळवण्याजोगी.

पहिला मुक्काम ब्रिटिश म्युझियम. 1753 साली स्थापन झालेले हे संग्रहालय 1759 पासून लोकांना खुले आहे आणि कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. आत चांगलीच ऊब असते, त्यामुळे सकाळी चढवलेले सगळे पाच मिनिटांत उतरते. जाकिटे, मफलर आणि आजीने विणलेली माकडटोपी कुटुंबप्रमुखाच्या हातांवर जमा होतात. त्या गाठोड्याच्या वरून जेवढा दिसेल तेवढाच प्राचीन इजिप्त त्याच्या वाट्याला येतो. रोझेटा शिळेपुढे कायम गर्दी. इ.स.पू. 196 मधला पुरोहितांचा एकच ठराव तिच्यावर तीन लिप्यांत कोरलेला आहे आणि त्याच्याच आधाराने इजिप्तची चित्रलिपी उलगडली. एस.टी.त जागा धरण्याचा सराव इथे फोटो काढताना उपयोगी पडतो. भारतीय दालनात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. ही अमरावती आंध्रातली, वऱ्हाडातली नव्हे. मात्र ती कृष्णाकाठची असल्याने सांगलीकरांनी थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

दुपारचे जेवण हा गणिताचा विषय आहे. एका पौंडाचे शंभराहून जास्त रुपये होतात आणि मेनूकार्ड वाचताना हा गुणाकार आपोआप चालू होतो. मांसाहारी मंडळी फिश अँड चिप्स घेतात. शाकाहाऱ्यांना सालासकट भाजलेला बटाटा मिळतो, वर टोमॅटोच्या रसातल्या बीन्स. पोट भरते; तोंडाला चव मात्र पिशवीतल्या लिंबाच्या लोणच्यानेच येते.

तिथून चालत ट्रफाल्गर चौकात पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. चौकातले नाताळचे झाड ऑस्लो शहराकडून येते. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून 1947 पासून हा परिपाठ चालू आहे. झाड उंच आहे, पण रोषणाई बेताचीच. गणपतीतल्या आपल्या गल्लीची सर तिला नाही.

संध्याकाळच्या खाण्यासाठी लेस्टर स्क्वेअरहून पिकॅडिली लाईनने थेट हंस्लो गाठावे. हीथ्रो विमानतळाजवळच्या या भागात 2010 पासून ‘श्री कृष्णा वडापाव’ हे मराठी मंडळींनी सुरू केलेले दुकान आहे. दुपारी बटाटा झालेला असतानाही इथे कोणी कुरकुर करत नाही आणि गुणाकारही आपोआप थांबतो. लसणाची कोरडी चटणी जिभेला लागली की माकडटोपीची गरज उरत नाही.

पुढच्या महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पेढे पाठवू नयेत. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. भडंगाला मात्र आडकाठी नाही, तेव्हा ते सढळ हाताने पाठवावे.